बरोबर म्हणणारी दुसरी

लष्करी भांडारात, ट्रकच्या सुट्या भागांच्या विभागात नणंद-भावजय एकाच टेबलाला समोरासमोर बसत. घरी एकीचं तोंड पूर्वेला, तर दुसरीचं पश्चिमेला. पण इथे दोघींशिवाय साधा बोल्टसुद्धा दाराबाहेर जात नसे. रीतच तशी होती. एकीने मागणी नोंदवायची; दुसरीने माल हाताळून पाहायचा, "बरोबर" म्हणायचं आणि शिक्का मारायचा. नोंदवणारीने शिक्क्याला हात लावायचा नाही.

आता सगळा कारभार संगणकावर जाणार होता. माणसं त्याला तयार आहेत का, हे पाहायला मुख्यालयातून कॅप्टन मॅडम आल्या होत्या. जो विभाग कच्चा ठरेल त्याचं काम दुसऱ्या भांडाराकडे जाणार आणि माणसं चार दिशांना पांगणार, हे भावजयीला ठाऊक होतं. नणंदेशी भांडायलासुद्धा फोन करावा लागेल, या विचाराने तिला सकाळचा चहा गोड लागला नव्हता.

चाचणीसाठी प्रत्येकाला वेगळा संगणक मिळाला. शेजारी ट्रेमध्ये खरा माल ठेवलेला. भावजयीने चष्मा पुसला, क्लच प्लेट नोंदवली, पंख्याचा पट्टा नोंदवला, क्रमांक ताडून पाहिले आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसली. बाकीचेही तसेच बसले.

निकाल आला तेव्हा एकाचीही मागणी पूर्ण झालेली नव्हती. अख्खा विभाग नापास.

"वहिनी, तू काय नुसता चष्माच पुसत होतीस?" नणंद म्हणाली.

"तुम्ही कोणते दिवे लावलेत ते बघा आधी, ताई."

मॅडमनी एकेक नोंद उघडली. भाग बरोबर, क्रमांक बरोबर. फक्त शेवटचं 'पाठवा' बटण कुणीच दाबलं नव्हतं.

"हे दिसलं नाही का?"

"दिसलं की," भावजय म्हणाली. "पण नोंद माझी होती. ताईंनी माल कुठे बघितलाय अजून?"

सगळ्या माना डोलल्या. आपण काही चुकलो आहोत, असं कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं.

मॅडमनी सगळ्यांच्या नोंदी तशाच उघड्या ठेवल्या. मग म्हणाल्या, "जोडीदाराच्या खुर्चीवर जाऊन बसा."

नणंद भावजयीच्या जागी बसली. प्लेट उलटसुलट करून पाहिली. पट्टा बोटांवर वाकवला आणि थांबली. "याला आतून चीर आहे. हा रस्त्यातच तुटेल. दुसरा आणा." दुसरा आला. तोही तिने वाकवून पाहिला. "बरोबर," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं. लगेच खोलीभर तोच शब्द ऐकू येऊ लागला.

मॅडमनी अहवाल तिथेच बसून लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला: माणसं तयार आहेत, प्रणाली अजून नाही. दुसऱ्या माणसाची मंजुरी घेण्याची सोय तीत झाल्याशिवाय ती इथे बसवू नये. विभाग जागचा हलवू नये.

ती सोय व्हायला हिवाळा उजाडला. आता टेबलावर दोन पडदे आहेत, एकमेकांकडे पाठ केलेले. ते बसवले त्याच सकाळी घरी खिडकी उघडी ठेवण्यावरून वाजलं होतं, म्हणून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भावजयीने पहिली मागणी नोंदवली आणि वाट पाहत बसली. पलीकडे नणंद ब्रेकची नळी उजेडात धरून पाहत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"बरोबर," ती अखेर म्हणाली. "खिडकीचं नाही म्हणत मी."

"कळलं," भावजय म्हणाली आणि तिने दुसरी मागणी उघडली.