प्रश्न क्रमांक सतरा

मी एक वही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, चारशे पानांची. समाजशास्त्र म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगावं लागे, त्या काळात विद्यापीठातल्या एका बाईंनी मला विकत घेतलं. नोकरी-कामाला लागल्यापासून बायकांचं घरातलं स्थान किती बदललं, हे त्यांना शोधायचं होतं. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी तीस प्रश्न लिहिले आणि मला काखोटीला मारून त्या दारोदार हिंडू लागल्या.

सतरावा प्रश्न होता, ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ एकशे ऐंशी बायकांनी एकच उत्तर दिलं, ‘हे घेतात.’ तेच तेच अंगावर लिहून घेऊन माझाही जीव कंटाळला.

मग आम्ही दोघी साबणाच्या कारखान्यात गेलो. तिथं वड्या कागदात गुंडाळणारी एक बाई होती. जेवणाच्या सुट्टीत तिने प्रश्न ऐकला आणि ती फस्सकन हसली.

“अहो बाई, हे काय विचारता? ठरवतात तेच. पण ठरलेलं मोडतं कोण, ते विचारा की!”

“म्हणजे?”

“सासऱ्यांनी ठरवलं, पोरीची शाळा बंद. मी बरं म्हटलं. आणि रोज डबा देऊन तिला मागच्या दाराने शाळेत धाडलं. त्यांना कळेपर्यंत परीक्षा होऊन पोरगी वरच्या वर्गात गेलीसुद्धा. आता लिहा, काय लिहिता ते!”

बाईंनी तिचं बोलणं शब्द न् शब्द माझ्यात उतरवून घेतलं.

विभागप्रमुख भडकले. “एका कामगारणीच्या शब्दावर दीड वर्षाचं काम पाण्यात घालणार? बढतीचा तरी विचार करा.”

“सर, प्रश्नच चुकलाय. बदलून पुन्हा विचारावा लागेल.”

बढती दुसऱ्याला मिळाली. आम्ही पुन्हा एकशे ऐंशी दारं ठोठावली.

काय काय निघालं त्या दारांआडून! एकीने घरात न सांगता नर्सिंगची परीक्षा दिली होती. एकीने धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. एकजण नुसतीच रडली. तिला काहीच मोडता आलं नव्हतं. बाईंनी तेही लिहिलं.

पुस्तक छापून आलं, तेव्हा बाई ते आणि मला घेऊन कारखान्यात गेल्या. साबणवालीने आपलं बोलणं बोट ठेवून वाचलं.

“माझं नाव कुठंय?”

“नाव छापत नाहीत. तुम्हाला घरून त्रास नको म्हणून.”

“व्हायचा तो त्रास होऊन गेला. आणा ती वही इकडे.”

आणि भेगाळलेल्या बोटांत पेन घट्ट धरून तिने आपलं पूर्ण नाव माझ्या समासात लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर.

आज बाई नाहीत. मी ग्रंथालयाच्या तळघरात, लोखंडी कपाटात असते. पुस्तकातले तक्ते लोक अजून उतरवून घेतात. मला कुणी उघडत नाही. तक्रार नाही, पण शाई फिकी होत चाललीय.

ते नाव मी इथं सांगणार नाही. ते तिच्याच अक्षरात वाचायला हवं. पान दोनशे बारा. जरा लवकर या.