छत्तिसावरचा लाल दोरा

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवावा? मोजणाऱ्या हातावर, की मापावर? उत्तराची घाई नको. बसा, पाणी घ्या. पन्नास वर्षं झाली, मला हाच प्रश्न पडलाय.

मी गांधीबागेतल्या कापडदुकानातला पितळी गज बोलतोय. नावाचा गज, अंगावर रेघा मात्र शंभर सेंटिमीटरच्या. चंपतराव शेठनी दुकान उघडलं त्याच दिवशी मला आणलं. एकदा कन्हानची एक बाई घरून मापाची नाडी घेऊन आली. म्हणे, "तुमच्या गजाचा काय भरवसा?" शेठ हसले. "नाडी धुतली का आखडते. पितळ कधी आखडलं का वं माय?" बाई चार साड्या घेऊन गेली.

शेठच्या अंगठ्याची मोठी गंमत. तो वाकवून सरळ मनगटाला टेकवायचे. गिऱ्हाईक बघतच राहायचं. ज्याचा अंगठा असा लवतो त्याच्या हाती लक्ष्मी टिकते, असा या घरचा समज. बारशाला आधी अंगठा पाहायचे, मग नाव ठेवायचे. थोरल्या जितेंद्रचा लवला, तेव्हा पेढे वाटले. धाकट्या कृष्णकांतचा लवला नाही. "याचा अंगठा म्हणजे खुंटी," शेठ म्हणायचे. "गादीवर जितूच बसंल."

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शेठनी वरच्या फळीवरून एक ठाण ओढलं, पोट धरून खाली बसले आणि उठलेच नाहीत. जितेंद्र गादीवर आला. तोच अंगठा, तीच कागदासारखी कातडी, खालून दिसणाऱ्या त्याच निळ्या शिरा. त्यानं मला उचललं की वाटायचं, गेलेल्यानंच पुन्हा हातात घेतलंय. छत्तिसाव्या वर्षी तोही तसाच गेला. आतडं फाटलं होतं. घरच्यांनी जगाला सांगितलं, गाडीचा अपघात.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ठाणात कुठं सूत कच्चं निघालं, की इमानी व्यापारी तिथं काठाला लाल दोरा बांधतो. घेणाऱ्याला कळतं, इथं जपायचं. बेइमान माणूस ती जागा घडीच्या आत ढकलतो. भावामागं गादीवर आलेल्या कृष्णकांतनं आयुष्यात कापडाची खोट लपवली नाही. घरातली दोन मरणं मात्र घडीत घातली.

मग जितेंद्रची लेक दामिनी दुकानात बसू लागली. चोवीस वर्षांची, हसरी. पहिल्याच दिवशी तिनं मला त्याच लवत्या अंगठ्यानं धरलं आणि माझं पितळ गार पडलं. माणूस जातो, अंगठा राहतो.

मागच्या महिन्यात एक ठाण तिच्या नडगीवर पडलं. लहानसा मार, पण कातडी ओल्या कागदासारखी फाटली, टाके धरेनात. दवाखान्यातून ती एक कागद घेऊन आली.

"काका, हे भरून द्या. घरात कोण, कितव्या वर्षी, कशानं गेलं, समदं लिहायचं हाय."

"काहून वं?"

"डॉक्टरीण म्हणे, शिरा, आतडी, कातडी, समद्याले धरून ठेवणारा एक धागा रायते. कोलॅजन. तो कातायचा नमुना आईबापाकडून येते. नमुन्यात एखादं अक्षर चुकलं, का धागा कच्चा. लय लोकाइचा नुसता अंगठा लवते, काही होत नाही. पण एखाद्या घरात शीरच फाटते. आपलं घर कोणतं, ते या कागदावरून कळंल."

"लक्ष्मीच्या अंगठ्याले बिमारी म्हणते का थे?" कृष्णकांतनं मला कागदावर आडवं ठेवलं, घराण्याच्या रेघा ओढल्या आणि लिहिलं. वडील, म्हातारपण. भाऊ, अपघात.

जितेंद्रची बायको नीला शेजारी घड्या घालत होती. तिनं वाकून वाचलं. "भाऊजी, बेचाळिसातलं म्हातारपण मी पहिल्यांदाच पाहून राहिली."

"वहिनी, रविवारी काटोलचे पाहुणे येऊन राहिले. त्याइच्या कानावर हे गेलं तर पोरीचं काय?"

"अन् नाही गेलं, लगन झालं, दिवस राहिले, अन् आतली शीर फाटली, तर पोरीचं काय?"

नीलानं खणातून लाल दोरा काढला. मला उचललं. बेचाळिसाच्या रेघेवर एक गाठ मारली, छत्तिसावर दुसरी. मग दामिनीचं बोट धरून चोविसावर ठेवलं.

"मोजा भाऊजी. तुमचंच माप हाय."

बोटापासून छत्तिसाच्या दोऱ्यापर्यंत वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

कृष्णकांत आपल्या ताठ अंगठ्याकडे पाहत राहिला. "बाबा मले खुंटी म्हणत, वहिनी. जनमभर मले जितूचा अंगठा पाहिजे होता." त्यानं कागद फाडला, दामिनीला दवाखान्यात फोन करून दुसरा मागवायला लावला, आणि या वेळी खरं लिहिलं. पितळाला टेकवूनही त्याची रेघ वाकडी गेली.

रक्ताचा रिपोर्ट आला. जनुकातला बदल सापडला. त्यात मरणाची तारीख नव्हती, धोका होता. आता दामिनी ठाण उचलत नाही. शिरांची तपासणी ठरल्या वेळी होते. कोणी डॉक्टर चाकू हातात घेण्याआधी दाखवायचं म्हणून पर्समध्ये एक कार्ड असतं. काटोलच्या पाहुण्यांना सगळं सांगितलं. त्यांचा निरोप अजून आला नाही.

परवा वजनमापांवर सरकारी शिक्का मारायला साहेब आले. "हे दोरे काढा," म्हणाले. कृष्णकांत म्हणाला, "दुसरा गज घेतला साहेब. हा आता कापड नाही मोजत."

तेव्हापासून मी गादीमागे भिंतीला टेकून उभा आहे. भर दुपारी, दुकानात कोणी नसताना, दोन्ही दोऱ्यांजवळ पकड जाणवते. बापलेकाचे दोन हात, एकच अंगठा. ते काही मागत नाहीत. नुसतं मोजतात.

तुम्हाला एवढंच मागतो. पैशाचा हिशोब तुम्ही ठेवालच. घरात कोण कशानं गेलं, तोही खरा ठेवा. लाजेची घडी उलगडा, दोरा बांधा. चोवीस आणि छत्तिसाच्या मधे एक पोरगी बोट ठेवून उभी आहे.