बंद दुकानातला चेहरा

मी शटर बोलतोय. कुलूप नव्हे, शटर. आधीच सांगितलेलं बरं, कारण लोकांचं सगळं लक्ष त्या कुलपाकडेच असतं.

पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकवून मला बनवलं, वर स्प्रिंग बसवली आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामांच्या दुकानाला लावून टाकलं. मामा म्हणजे सगळ्या गल्लीचेच मामा. रोज सकाळी ते यायचे, वाकून कुलूप काढायचे आणि एका झटक्यात मला वर ढकलायचे. मग दिवसभर मी गुंडाळी होऊन अंधारात. संध्याकाळी मला खाली ओढायचे, कुलूप लावायचे, ते दोनदा हिसका देऊन बघायचे आणि पाठ फिरवायचे. मान वर करून त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. माणसाचा जीव कुलपातच जास्त असतो.

पुढे मला गंज चढला. गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवणारी एक बाई बसायची. आकडे असे सुबक काढायची की पाटी छापलेली वाटावी. तिला सगळे 'नंबरवाली' म्हणत. मामांनी तिला हाक मारली.

"अगं, रविवारी या शटरला दोन हात मार ना."

"कुठला रंग देऊ, मामा?"

"काहीही दे. गंज दिसला नाही म्हणजे झालं."

"काहीही?"

"हो गं बाई, काहीही! बघायला कोण बसलंय तिथं?"

तिनं तो शब्द उचलला. रविवारी उरलेसुरले डबे घेऊन आली. पाटीवर आकडे काढताना तिला आधी खडूच्या दोरीनं रेघा माराव्या लागायच्या. माझ्या पट्ट्यांवरून तिनं हात फिरवला आणि हसली. "तू तर रेघा मारलेली वहीच आहेस की!" माझ्याशी कुणीतरी बोललं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

संध्याकाळपर्यंत माझ्यावर मामा उमटले. एका डोळ्याला भिंग, दुसरा डोळा घट्ट मिटलेला, चिमट्यात इवलंसं चाक आणि श्वास रोखलेले ओठ. दाराएवढे मामा!

सोमवारी खरे मामा आले, वाकले, आणि मी वर गेलो.

अशीच दोन वर्षं गेली. गल्लीतल्या आणखी सात दुकानदारांनी नंबरवालीला 'काहीही' सांगितलं आणि तेही तसेच वाकत राहिले. पहाटे फिरायला येणारी माणसं मात्र आमच्यापुढे थबकायची. एकदा त्यातलेच एक आजोबा घड्याळ घेऊन आले आणि म्हणाले, "मामा, रविवारी तुमची भेट झाली हो."

"रविवारी मी घरी असतो."

"छे, इथंच होतात!"

आजोबा गेल्यावर मामा शेजारच्या शिंपीणमावशींना म्हणाले, "वय झालं बिचाऱ्याचं." मी वर गुंडाळीत बसून हसून घेतलं.

मग बाजार समितीनं ठरवलं, सगळी शटरं राखाडी करायची. गल्ली एकसारखी दिसली पाहिजे. सेक्रेटरींनी कागद फिरवला, मामांनी घड्याळावरची नजर न काढता सही ठोकली. काम मिळालं नंबरवालीलाच.

राखाडी रंगाचा डबा आणि रुंद ब्रश घेऊन ती भर दुपारी दारात उभी राहिली.

"मामा, शटर जरा खाली घ्या."

मामांनी मला खाली ओढलं आणि नेहमीसारखे वाकले. पण कुलूप आत टेबलावर राहिलं होतं. वाकलेले मामा सरळ झाले, आणि समोर मी.

ते एक पाऊल मागे सरले. मग म्हणाले, "हा कोण?"

मावशी मशीन सोडून बाहेर आल्या. "इश्श! आरशात बघता की नाही कधी? तुम्हीच आहात!"

"मी असा दिसतो?"

"कामात असलात की," नंबरवाली हळूच म्हणाली. "एरवी नाही."

"आणि हे तू पुसायला निघालीस? तुझं तूच?"

"दुसऱ्या कुणी पुसलं असतं तर ओघळ राहिले असते. मी निदान नीट झाकेन." तिनं ब्रश डब्यात बुडवला.

मामांनी ब्रश सरळ हिसकावून घेतला. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर राखाडी रंग उडाला, त्याचंही त्यांना भान नव्हतं. गल्लीच्या मधोमध जाऊन ते ओरडले, "अरे, आपापली शटरं खाली घ्या! आत्ताच्या आत्ता!"

"मामा, गिऱ्हाईक उभं आहे!"

"त्यालाही बाहेर काढा!"

आणि मग तो आवाज झाला. एकामागून एक शटर धडाधड खाली आलं. मावशींच्या शटरावर मावशी होत्या, दातांत दोरा धरलेल्या. सायकलवाल्याच्या शटरावर तो चाकाच्या आरपार बघत होता. भर उन्हात माणसं स्वतःच्याच दुकानापुढे तोंडं उघडी टाकून उभी होती.

सेक्रेटरी धावत आले. "मामा, तुमची सही आहे कागदावर!"

"मी न बघता केली होती. आता बघून खोडतो. आण तो कागद."

मागून आपापली सही खोडायला सात हात पुढे आले. सेक्रेटरींनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा त्या हातांकडे, आणि कागद निमूट पुढे केला. जाता जाता मात्र खालच्या आवाजात विचारलं, "ताई, समितीच्या ऑफिसलाही शटर आहे. जमेल?"

"काय काढू?"

"काहीही," ते म्हणाले, आणि गल्ली अशी हसली की माझ्या पट्ट्या खणखणल्या.

मामांनी नंबरवालीला माझ्यासमोर उभं केलं. "खाली नाव घाल. कोपऱ्यात नको, ठसठशीत." तिनं खडूची दोरी मागवली, रेघ मारली आणि नंबरपाटीवरच्या अक्षरांसारखं आपलं नाव लिहिलं. टाळ्या थांबेपर्यंत ती माझ्याकडेच तोंड करून उभी होती. ती रडत होती, हे फक्त मला दिसलं.

आता दर बुधवारी दुपारी तासभर ही गल्ली दुकानं बंद करते. शहरभरातून लोक येतात. तिच्या नावाची चौकशी करतात, आपापल्या गल्लीत कोण रंगवतं ते शोधायला लागतात. मामा रोज सकाळी आधी माझ्याकडे बघतात, भांग नीट करतात, मग कुलूप काढतात.

तुम्हीही कधी बंद दुकानापुढून गेलात तर 'बंद आहे' म्हणून लगेच वळू नका. नजर जरा वर करा. आमचं दुकान तेव्हाच उघडं असतं.