तंदुरातला दिवा

तंदुरात वाकून बघायच्या आधीच तोलिब उस्ताने या नोकरीतले फायदे मनात मांडून ठेवले होते. पहाटे उठायचं नाही, उजाडल्यावर यायचं. पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत जाणार नाही. तोंड भाजतंय आणि पाठ गारठतेय, हा जन्मभराचा प्रकार संपणार. बायकोला, म्हणजे हानिफाला, सदऱ्यांवरची काजळी घासावी लागणार नाही. आणि मुख्य म्हणजे मार्गिलानच्या बाजारात ‘तोलिब उस्ताचा नान’ हे शब्द पुन्हा ऐकू येणार. नव्या रस्त्यासाठी मोहल्ल्याची एक कड पाडली, तीत त्याच्या बापाने लिंपलेला तंदूर गेला. तेव्हापासून उस्ता, म्हणजे नानचा कसबी कारागीर, घरात बसून हानिफाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. तेव्हा या नोकरीत हानिफाचाही फायदा होताच; बहुतेक त्याच्यापेक्षा जास्त.

उस्ताने सवयीने उजव्या हातात जाड गोधडीचा मोजा चढवला, तंदुरावर वाकला आणि तसाच राहिला. आत विस्तव नव्हता. एक लाल दिवा होता. दिव्याच्या वर पत्र्याचा कप्पा, आणि कप्प्यात एकसारखे गुबगुबीत नान रचलेले.

“हे काय आहे?”

दुकानाचा मालक एल्योर शेजारीच उभा होता. तिशीचा, अत्तर लावलेला, सदा घाईत. “तंदूर आहे, उस्ता.”

“मला कंदील वाटला.”

एल्योर मनापासून हसला. त्याला विनोद कळला, राग कळला नाही. “अहो, मागच्या खोलीत विजेच्या भट्ट्या आहेत. तुम्ही फक्त इथं उभं राहायचं, आकड्याने नान बाहेर काढायचा, गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. मधेमधे जरा घाम पुसायचा.”

“मळायचं कोणी?”

“यंत्राने.”

“भाजायचं?”

“यंत्राने.”

“मग मी कशाला?”

“यंत्राला दाढी नाही ना, उस्ता.”

उस्ताने हातातला मोजा काढून खाली आपटला. चार शिव्या दिल्या, त्यातल्या दोन एल्योरच्या बापाला लागू पडतील अशा होत्या. एल्योरने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि खुंटीवरचा भरजरी अंगरखा पुढे केला. अंगरखा असा ढगळ शिवला होता, की कुठल्याही म्हाताऱ्याला बसावा. उस्ता दारापर्यंत गेला. पण घरी जायचं म्हणजे हानिफाला सांगायचं, आणि हानिफाने तर अर्ध्या मोहल्ल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो परत फिरला. अंगरखा चढवला. बापाने केलेला खिळ्यांचा ठसाही त्याने एल्योरला दिला. नानच्या मधोमध उमटणारं ते आठ पाकळ्यांचं फूल बाजारात सगळे ओळखत. दुपारपर्यंत मागच्या खोलीतल्या प्रत्येक नानवर ते फूल होतं.

त्याच दुपारी सालोमतमावशी आली. मोहल्ल्यातली जुनी विधवा. उस्ता लहान असताना त्याचे कान तिने कितीदा तरी पिळले होते. अंगरखा पाहून ती तोंडावर पदर घेऊन हसली.

“तोलिब, लग्न आहे का रे तुझं?”

“हानिफा परवानगी देत नाही, मावशी.”

“एक चांगला नान दे. आपला पोरगा ओदिल उद्या निघतोय रशियाला. बांधकामावर.”

उस्ताचा हात आकड्यावर थांबला. दूरदेशी निघालेल्या माणसाने उंबऱ्यात नानचा एक घास तोडायचा, उरलेला घरच्यांनी भिंतीला टांगायचा. माणूस परतला की तोच नान त्याने संपवायचा. उस्ताच्या हातचे नान असे कित्येक भिंतींवर लटकले होते. वाळून लाकूड व्हायचे, पण कुजायचे नाहीत. आणि हे गुबगुबीत नान मऊ राहावेत म्हणून कसली भुकटी घालतात, तिची पोती त्याने सकाळीच पाहिली होती; असा नान भिंतीवर टिकणार नव्हता.

“मावशी, घरीच नान भाजला तर...”

“घरचा तंदूर कधीच ढासळला. आणि मला तुझ्याच हातचा हवाय.”

“उस्तांचाच आहे, आजी!” एल्योर मधे पडला. “हे फूल बघा ना.”

मावशीने फूल पाहिलं. मग उस्ताकडे पाहिलं. “तुझ्या हातचा ना रे?”

एक शब्द पुरला असता. पण नोकरीचा पहिलाच दिवस होता. उस्ताने घाम पुसला, खोटा नव्हे, खरा, आणि म्हणाला, “अल्लाह त्याला सुखरूप आणो, मावशी.”

तुती पिकायला लागल्या तेव्हा मावशी पुन्हा आली. या वेळी हसली नाही. दुकानात गर्दी होती. तिने फडक्याची गाठ सोडली. आत हिरवागार बुरसलेला नान. एका कडेला ओदिलच्या दातांचा अर्धचंद्र अजून दिसत होता.

“तुला दाखवायला आणला,” ती हळू आवाजात म्हणाली. “हा कसा विसर्जायचा, ते सांग. उकिरड्यावर टाकवत नाही.”

“मावशी...”

“तुझी खोट नाही रे. नान तुझा, म्हणजे खोट घरातली. हुल्कारला मी माहेरी पाठवली.”

“सुनेला? का?”

“मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, जिचं मन नवऱ्यात नाही, तिच्या घरात त्याचा घास टिकत नाही. रडली खूप. शपथा घेतल्या. मी म्हटलं, बाई, तू खोटं बोलशील, तोलिबचा नान खोटं बोलत नाही.”

उस्ता लाल झाला. तंदुरातल्या दिव्याहून लाल. त्याने मावशीचं मनगट धरलं.

“घाला आत.”

“अरे भाजेल!”

“घाला म्हणतो ना!”

त्याने तिचा हात कोपरापर्यंत तंदुरात घातला. मावशीने डोळे गच्च मिटले होते. ते हळूहळू उघडले.

“कोमट आहे,” ती म्हणाली.

“दिवा आहे तो! दिवा! सगळ्यांनी या, घाला हात! इथं वर्षभर उभे राहिलात तरी भाजणार नाही!” उस्ता ओरडत होता, अंगरख्याचे बंद तोडत होता. “हा नान मी मळला नाही, भाजला नाही, फक्त उचलून दिला! पोरीची खोट नाही, मावशी!”

एल्योर काहीतरी बोलत होता, कोणी ऐकत नव्हतं. मावशीने हात बाहेर काढला, फडकं पुन्हा बांधलं, आणि गाठ मारता मारता विचारलं, “त्या दिवशी तुझी जीभ कुठं होती, तोलिब?”



आता कोणाला काय किंमत पडली ते सांगायला हरकत नाही. एल्योरला काहीच नाही. दोन दिवस गिऱ्हाईक रोडावलं, मग तोच अंगरखा एका निवृत्त बसचालकाला चढवला. त्याची दाढी उस्ताहून लांब आहे. ठशाची नक्कल एल्योरने आधीच करून घेतली होती. उस्ताची नोकरी गेली, आणि हानिफाच्या गळ्यात उस्ता पुन्हा पडला. फक्त आता तो स्वयंपाकाला नावं ठेवत नाही.

मावशी स्वतः व्याह्यांच्या दारात गेली, भर अंगणात सुनेची माफी मागितली, तिला घेऊन आली. उस्ताने मावशीच्या परसात नवा तंदूर लिंपून दिला, मजुरी घेतली नाही. त्यातला पहिला नान हुल्कारनेच बाहेर काढला. चांगला खरपूस, कडक, वर्षानुवर्षं टिकेल असा. मावशीने तो भिंतीवरच्या खिळ्याजवळ नेला, थोडा वेळ धरून उभी राहिली, आणि परत आणून दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, ठेवला. घास तोडणारा तिकडे दूर होता.

तिघांनी तो चहाबरोबर खाल्ला. हुल्कार त्या भिंतीकडे पाठ करून बसली होती. ती अजूनही तशीच बसते.