मागच्या भिंतीपाशी बसलेली मुलगी

फाइनेस नामंगाले ही छात्राध्यापिका. झोम्बा शहराजवळच्या एका सरकारी शाळेत सात आठवड्यांपासून तिसरीला शिकवत होती. वर्गात सत्त्याण्णव मुलं, बाकं फक्त पुढे, बाकीची मुलं जमिनीवर. रोज तासभर चालत यायचं आणि आवाज बसेपर्यंत ओरडायचं. त्यात आज तिसरं पाठ-निरीक्षण होतं.

तिचे पाठ तपासणाऱ्या काचिंग्वे बाई वर्गात मागे बसल्या. फाइनेसने हातच्याची वजाबाकी घेतली. प्रश्न विचारला की पुढचे हात वर यायचे, उत्तर बरोबर असायचं, वर्ग टाळ्या वाजवायचा. पाठ छान झाला असं तिला वाटलं.

नंतर आंब्याखाली बाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला. त्यावर शेरा नव्हता, वर्गाचा नकाशा होता. जी मुलं बोलली त्यांच्यावर ठिपके. ठिपके नऊ, तेही सगळे पुढच्या बाकांवर.

फाइनेस वैतागली. पस्तीस मिनिटांत सत्त्याण्णव जणांना विचारायचं तरी कसं, असं तिने विचारलं.

"सगळ्यांना विचार असं कुठं म्हणते मी?" बाई म्हणाल्या. "पण ज्याला येतं त्यालाच विचारत राहिलीस, तर ते शिकवणं नव्हे गं. ते स्वतःचीच पाठ थोपटून घेणं झालं."

"तुम्ही मागे बसलेल्या. चुकीचं उत्तर आलं असतं तर शेरा मलाच मिळाला असता ना?"

बाई रागावल्या नाहीत. मागच्या भिंतीपाशी तान्ह्या भावाला पाठीशी बांधून बसते, त्या मुलीचं नाव काय, एवढंच त्यांनी विचारलं.

फाइनेसला ते सांगता येईना. सात आठवडे झाले होते!

त्या दिवशी ती मान खाली घालून घरी गेली. बाईंचा राग येत होता, आणि बाई खोटं बोलल्या नव्हत्या याचा जास्त.

दुसऱ्या दिवशी ती मुलांमधून वाट काढत थेट मागे गेली. मुलीचं नाव एलेस. बेचाळीसमधून सतरा गेले तर किती, असं विचारल्यावर एलेस पुटपुटली, "पस्तीस."

पुढची मुलं हसली. फाइनेसने त्यांना गप्प केलं आणि एलेसला कसं केलं ते विचारलं. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन काढले होते.

"अजून कुणाचे पस्तीस आले? मी रागावणार नाही."

आधी एक हात वर झाला, मग चार, मग मागचा जवळजवळ अख्खा वर्ग! नऊ जणांच्या टाळ्यांखाली एवढं सगळं दडलं होतं. फाइनेसला वाटलं, आपणही यांच्यासारखेच. कुणी बघेल म्हणून चूक झाकली, आणि मुलांनाही झाकायला शिकवलं.

सगळी वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागणार होती. अंगात त्राण नव्हतं. तरी सुट्टीत ती काचिंग्वे बाईंकडे गेली. "बाई, उद्या परत मागे बसाल? आज मुलं चुकली. उद्याही चुकतील, मीही चुकेन."

"येते," बाई म्हणाल्या.

मित्रहो, आपल्या कामाकडे दुसऱ्याने पाहिलं की आपण चांगलं तेवढंच पुढे करतो. पण माणूस सुधारतो तो दाखवलेल्या चुकीतून. आणि ज्या शिक्षकाला स्वतःची चूक ऐकून घेता येते, त्याच्याच वर्गात मागच्या भिंतीपाशी बसलेलं मूल तोंड उघडतं.