शिळाप्रेसला ऊत

दगडावर चित्र काढून ते कागदावर छापायची कला जन्मली जर्मनीतल्या बव्हेरियात, जवळजवळ मेली, आणि अमेरिकेने तिला जिवंत केलं. म्हणून २००६ साली बर्लिनमध्ये आम्ही ती अमेरिकन पद्धतीने शिकायला रांग लावली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आमचे गुरुजी हेर ब्रांट अस्सल जर्मन, पण अमेरिकेत चार वर्षं राहून आल्यामुळे दगडाला हात लावण्याआधी डोळे मिटायचे.

परीक्षेला एकाच दगडावरून दहा प्रती काढायच्या होत्या, दहाही सारख्या. पास झाले तर मला तिथेच नोकरी होती. नाहीतर व्हिसा संपत होता. माझ्या दहा प्रती म्हणजे दहा वेगळी चित्रं!

तेव्हा बाबा पुण्याहून आले होते. त्यांनी शिळाप्रेसमध्ये पंचवीस वर्षं अगरबत्तीची लेबलं आणि देवांची कॅलेंडरं दगडावरूनच छापली होती.

"पुनरुज्जीवन कसलं डोंबलाचं? शिळ्या कढीला ऊत!" ते म्हणाले. "सरक बाजूला."

चित्र काढायचं चित्रकाराने, छापायचं छपाईवाल्याने, ही तर अमेरिकन रीतच. बाबांनी छापलं तर चालेल ना, हे मी ब्रांटना विचारून घेतलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले.

बाबांनी दगड ओला केला, शाईचा रूळ फिरवला आणि जेवायच्या वेळेपर्यंत दहा प्रती वाळत टाकल्या. एकीवर दुसरी धरली तर रेष हलत नव्हती. मी तर मनातल्या मनात नोकरीला लागलेसुद्धा.

ब्रांटनी दहाही प्रती भिंगातून पाहिल्या.

"आल्झो, सारख्या हव्या होत्या, पण इतक्या नाही. यात माणसाचा हात कुठे दिसतो? मशीनने काढल्यासारख्या आहेत. सॉरी, ज्ञानदा. नापास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो हात समोरच उभा होता, कोपरापर्यंत शाईने माखलेला.

"काय म्हणतायत गं?" बाबांनी विचारलं.

मी रडकुंडीला आले होते. "म्हणतायत, मशीनने काढल्यासारख्या आल्यात."

बाबा एकदम ताठ झाले.

"हे एक वाक्य प्रेसच्या मालकांच्या तोंडून ऐकायला पंचवीस वर्षं थांबलो होतो," ते म्हणाले. मग हात पुसून त्यांनी ब्रांटचा हात दोन्ही हातांत घेतला. "आभार मान त्यांचे. नीट, जर्मनमध्ये."

मी मानले.