लाल बंडी

लाल बंडी कुंडलिकनेच रंगवली. ते पाप दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

छत्तीस साल होतं. भात झोडून झालं होतं आणि खर्डी गावाचा शेजारच्या शेणव्याशी फुटबॉलचा सामना ठरला होता. कुंडलिक खर्डीचा कप्तान. खेळ शिकवला तो डॉबसन साहेबाने. म्हातारा रेल्वेची नोकरी संपवून स्टेशनामागे राहिला होता. ऐन उमेदीत विलायतेत गिरणी सोडून तो खेळायचा पगार घेऊ लागला, आणि तिकडच्या बड्या लोकांना असल्या पगारी गड्याचा विटाळ.

"मुलखातर्फे खेळलो," साहेब आपल्या मोडक्या मराठीत सांगायचा. "दहा जणांला पांढरा सदरा, मला निळा. हा पोटासाठी खेळतो, लांबून कळावं म्हणून. गोल मी मारला. दहा जणांनी एकमेकांशी हात मिळवले."

हे ऐकून कुंडलिक पचकन थुंकला होता. "त्यांच्या तोंडाला शेण फासाया पायजे, साहेब!"

ही गोष्ट चंदरनेही ऐकली होती, अंगणात उभं राहून. साहेबाने कितीदा बोलावलं तरी तो पायरी चढायचा नाही. वर पडवीत कुंडलिक बसलेला असायचा ना.

चंदर चांभार. फाटका चेंडू शिवायचा तोच, आणि गावात त्याच्यासारखा पाय कुणाचा नव्हता. सामन्याच्या आदल्या दिवशी शेणव्याचा कप्तान दामू येऊन म्हणाला, "तुमचा चंदर आमच्या पोरांना शिवंल. काढा त्याला."

चंदरशिवाय खर्डी हरणार, हे कुंडलिक जाणून होता. "काढत नाय. लाल बंडी घालतो त्याला. बघून लांब ऱ्हावा."

स्वतःच्या अकलेवर खूश होऊन त्याने बंडी कावेच्या तांबड्या पाण्यात बुचकळली.

चंदरने ती उलटीसुलटी केली. "मलाच का, दादा?"

"उठून दिसशील रे!"

चंदर हसला नाही. त्याने बंडी घातली.

धसकटांच्या शेतात खेळ रंगला, पण गोल होईना. शेवटी चेंडू चंदरच्या पायाशी आला, आणि उधळलेल्या बैलाला बाजार वाट देतो तशी शेणव्याच्या गड्यांनी त्याला वाट दिली. त्यांचा गोलकीपरसुद्धा खांबाला चिकटला. बांधावरून कुणी ओरडलं, "पळा रे, शिवंल!" हशा पिकला. कुंडलिकही हसला. गोल होणार होता ना!

चंदरने रेघेवर चेंडू पायाखाली दाबून धरला. कुंडलिक धावत जवळ आला, तसा तो म्हणाला, "तू मार, दादा. मी मारला तर हात कोन मिळवनार?"

त्याने बंडी काढली, चेंडूशेजारी टाकली आणि उघड्या अंगाने बांध ओलांडून गेला.

"मार की रे!" लोक ओरडले.

कुंडलिकने मारला. हो, मारला. गड्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. वरून त्याला पाठमोरा साहेब दिसला, घरी निघालेला.

दिवेलागणीला तो साहेबाकडे गेला. साहेब पडवीत बसला होता.

"रंग कोणी दिला?"

"मीच."

साहेब वर ये म्हणाला नाही. रोज बिनबोलावता चढायची ती पायरी कुंडलिकला चढवेना. तो अंगणात उभा राहिला. चंदर उभा राहायचा तिथेच.